माळ पायांपर्यंत आली!

घरात तान्हं बाळ आलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, नातेवाईक घरपोच आणून देतात. स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून मी कांजूरमार्गला परतले. वाटलं होतं, दादाच्या बाळाला कावीळ झालीय म्हटल्यावर घरचे सगळ्यात आधी मला विचारतील. विचारलंही. "चहा टाकतेस का गं?"

डॉक्टरांनी घरी सोडताना साधंच सांगितलं होतं: दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजा; तळपाय पिवळे दिसले किंवा बाळ पिईनासं झालं, तर लगेच घेऊन या. मी ते लिहून फ्रिजवर लावलं. दुसऱ्या दिवशी त्या कागदावर गॅसवाल्याचा नंबर!

*

दिंडोशीहून आत्या आली. आल्या आल्या वहिनीच्या जेवणातली हळद बंद! "आई पिवळा खाता, म्हणान पोर पिवळा." आणि संध्याकाळी याच बाईने बाळाला हळद-बेसन चोळून आंघोळ घातली. मग स्वतःच किंचाळली, "अगो बाय, कावीळ वाढली की!"

*

दादा आयटीतला. "हॉस्पिटलात लाइटखालीच ठेवतात ना?" म्हणत त्याने पाळणा हॉलच्या ट्यूबलाइटखाली ढकलला.

"दादा, तो लाइट वेगळा असतो रे!"

"मग जास्त वॉटचा आणू?"

*

पाचव्या दिवशी आत्याने काविळीच्या दोन माळा आणल्या, झाडाच्या काड्या दोऱ्यात गुंफलेल्या. एक बाळाच्या डोक्यावर ठेवली. ती आपोआप लांबत पायांपर्यंत गेली, की कावीळही पायांवाटे जाते म्हणे! वहिनी पाजायला उचलू लागली, तर "हलवू नको, माळ सरकात!"

जास्तीची माळ मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. संध्याकाळपर्यंत काड्या सुकून तीही वीतभर लांबली.

"बघ आत्या, खिळ्याची कावीळ उतरतेय!"

"खिळ्याक तरी श्रद्धा आसा," आत्या म्हणाली, "तुका ती पण नाय!"

*

सकाळी आत्याच्या आरोळीनेच जाग आली. माळ पायांपर्यंत आली होती! "कावीळ पायात इली! आता जातली!" दादा पेढे आणायला निघालाही.

मी दुपटं वर केलं. तळपाय पिवळेधमक. वहिनी रडवेली झाली होती. "पहाटेपासून पीतच नाहीये गं. तोंडात धरतो आणि झोपतो."

"दादा, पेढे राहू दे. रिक्षा थांबव."

"सव्वा म्हयनो उंबरो ओलांडूचो नाय!" आत्या दारात आडवी.

मी बाळाला छातीशी घेतलं, त्याची माळ काढून आत्याच्या हातात दिली आणि भिंतीकडे बोट केलं. "आत्या, तू खिळ्याकडे बघ. आम्ही बाळाकडे बघतो."

वहिनीने तोवर चपला घातल्या होत्या.