चाळीसवरची सुई

थोरला एकवीस वर्षं रेडिओ केंद्राच्या ट्रान्समीटरच्या खोलीत होता, आणि त्याने जिवापाड जपलं काय, तर एक सुई! हजार वॉट केबलमधून वर अँटेनाला पाठवायचे, आणि अँटेना त्यातले किती न घेता परत ढकलते ते ही सुई दाखवायची; जितके कमी तितकं चांगलं. चाळीस. दर तासाला वहीत चाळीस. पाहुणा आला की आधी सुई, मग चहा.

वर्षापूर्वी त्याचा धाकटा भाऊ तिथेच लागला. सोल्डरिंग यानेच शिकवलेलं, आणि आता साहेब नवा प्रमुख म्हणून त्याचं नाव घेत होते! थोरल्याच्या पोटात नुसतं दुखत होतं. धाकट्याने शीळ घातली तरी याचं डोकं फिरायचं.

त्यात एक दिवस धाकटा म्हणाला, "दादा, टॉवरवर, अगदी अँटेनापाशी मीटर लावून बघू या?"

"का? माझा मीटर खोटं बोलतो?"

"तसं नाही रे..."

"लाव! तोंडावर आपटलास की कळेल."

ट्रान्समीटर बंद करून धाकटा वर चढला, पोचणारे आणि परतणारे दोन्ही दाखवणारा दोन सुयांचा मीटर बांधून खाली आला. पुन्हा चालू केल्यावर तो खालून वाचायला आणलेली दुर्बीण मात्र थोरल्याने हिसकावून घेतली.

वर पोचत होते जेमतेम चारशे ऐंशी वॉट. परत फिरत होते नव्वद. थोरल्याने मनात हिशोब मांडला. जुनी केबल जाताना निम्मे गिळत होती आणि परत येणाऱ्यांतलेही निम्मे गिळत होती. म्हणून खाली चाळीस! लांबच्या वस्तीवरून आई कितीदा म्हणाली होती, रेडिओ नुसता खरखरतो. याने तिला तीन रेडिओ बदलून दिले होते.

"दादा, परत किती येतायत रे?"

चाळीस म्हटलं की विषय संपला, प्रमुखाची खुर्चीही आपली. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"घे, तूच बघ मेल्या," म्हणत त्याने दुर्बीण धाकट्याच्या हातात कोंबली.

आठवड्यात केबल बदलली, अँटेनाचा गंजलेला सांधाही. धाकटा प्रमुख झाला. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

"काय खणखणीत लागतोय रे आता! धाकट्याला शाबासकी दे माझी. तुला इतकी वर्षं नाही जमलं बघ."

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "देतो," तो म्हणाला. मग न राहवून म्हणाला, "आई, सुई आता पाचवर आहे. दुर्बिणीतून आधी मीच बघितलं होतं, बरं का."

पलीकडून नुसता रेडिओ ऐकू आला. फोन तसाच ठेवून ती रेडिओ ऐकायला गेली होती.