मामांच्या गाडीचं टायमिंग

माझ्या बायकोच्या मामांइतका इंजिनाचं ऐकणारा आणि माणसांचं मुळीच न ऐकणारा गृहस्थ अख्ख्या रत्नागिरीत दुसरा सापडायचा नाही. जन्म बोटींच्या इंजिनरूममध्ये काढून ते निवृत्त झाले आणि कुणा आंबेवाल्याच्या शेडमध्ये जिच्यात कोंबड्या बसत होत्या ती सहा सिलिंडरांची जुनी अमेरिकन गाडी ओढून घरी घेऊन आले. तेव्हापासून त्या घरात देवाखालोखाल तिचे आकडे. प्लगचा गॅप इंचाचे पस्तीस हजारांश, त्यांच्या भाषेत पस्तीस थाउ, पॉइंटचा सोळा, ठिणगीचं टायमिंग चार डिग्री आधी. आरतीला उभे राहिले तरी टाळांच्या तालावर पुटपुटत, "एक-पाच-तीन-सहा-दोन-चार." सिलिंडर पेटायचा हा क्रम. शर्टाच्या खिशात कायम फीलर गेज, म्हणजे बारीक फटी मोजायच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा. मामींचं घावणसुद्धा त्यांनी एकदा माझ्यादेखत त्या पट्टीने तपासलं.

"कडेला जाड झालंय."

"मग कार्बोरेटर खा," मामी म्हणाल्या.

लग्नात ताशेवाला अडखळला तर "तिसरा मिस मारतोय" म्हणत कान टवकारून बसायचे, अक्षता तशाच मुठीत.

त्यांचा एकुलता एक मुलगा मस्कतला नोकरीला होता. सुट्टीवर आला की बापलेक बॉनेटखाली डोकी खुपसून भांडायचे आणि त्या भांडणातच दोघांची सुट्टी सुखात जायची. तिकडे रस्ता ओलांडताना एका ट्रकने त्याला उडवलं. विमानाने मुंबईला आणि तिथून अँब्युलन्सने पेटी घरी आली, तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती आणि मामा घरामागच्या शेडमध्ये इंजिनाचे टॅपेट सेट करत होते. मी बोलवायला गेलो.

"आलोच. इंजिन गरम आहे तोवरच करावे लागतात हे," ते म्हणाले.

मी इंजिनावर हात ठेवला. ते गार होतं.

पुढे रोज सकाळी ते गाडी सुरू करत, काहीतरी सोडत, काहीतरी आवळत. धुराने शेजाऱ्यांच्या भिंती काळवंडल्या, पण तक्रार घेऊन कुणी आलं नाही. मामी चहा मडगार्डवर ठेवून आत जात. कधी तो तिथेच निवे.

यंदा शिमगा संपल्यावर त्यांचा फोन आला. "जावईबापू, या. झालं."

आम्ही पालीपर्यंत गेलो. गाडी इतकी अलगद चालली की बोलणंसुद्धा आगाऊपणा वाटावा. पालीच्या बाजाराबाहेर सावलीत त्यांनी ती उभी केली, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिले. कुठे थरथर नाही, ठोका नाही.

"आता हिला करण्यासारखं काही उरलं नाही," ते म्हणाले.

"बरं झालं की मामा."

"घरी जाऊन काय करू मग?"

त्यांनी डिकीतून पाना आणला, ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल केला, डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवला आणि बोल्ट पुन्हा आवळला. इंजिन अडखळायला लागलं.

"ऐकलंत? टायमिंग हललंय."

"हो. जाणवतंय."

"उद्या बघायला हवं." मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "सवड असली तर या. लाइट धरायला कुणीतरी लागतं."

येतो म्हणालो. परतीच्या वाटेवर हातखंब्याजवळ खोकत खोकत गाडी थांबली. मामा उतरले, रस्त्याकडेला मांडलेल्या ढिगातली कलिंगडं एकेक उचलून त्यांनी कानाशी धरून वाजवून पाहिली आणि मामींसाठी एक घेतलं.