कळलावीची सहाण

तीन आठवड्यांपूर्वी वाचनालयात परत आलेली पुस्तकं लावत होते, तेव्हा हौसाआक्कांच्या नातवाचा फोन आला. “बाई, आजी गेली. झोपेतच,” एवढंच म्हणाला. हातातलं पुस्तक मी कपाटात ठेवलं; नंतर पाहिलं तर भलत्याच खणात. तेव्हापासून कशात मन लागत नाही. नव्वदीची म्हातारी, सुखानं गेली, असं सगळे म्हणतात... पण मला त्यांची माफी मागायची होती, आणि नऊ वर्षं मी ते पुढे ढकलत आले.

आक्का कासार आंबोलीच्या वरच्या वाडीतल्या. रानातल्या औषधांची वही करायची म्हणून मी त्यांच्याकडे जाऊ लागले. एका श्रावणात त्यांनी मला कळलावी दाखवली. करवंदीच्या जाळीवर चढलेली वेल, पानांची वळलेली टोकं, जाळासारखी लाल-पिवळी फुलं. मी हात पुढे केला तर त्यांनी काठीनं माझं मनगट मागं सारलं. “बगाया डोळं दिल्यात न्हवं देवानं?” म्हणाल्या. तिचा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. वाडीला रस्ता नव्हता तेव्हा अडलेल्या बाळंतिणीच्या तळपायांना आक्का तोच कंद उगाळून लावत. किती, ते मात्र मला कधीच सांगितलं नाही. विचारलं की चहा टाकत, नाहीतर माझ्या न झालेल्या लग्नाची चौकशी करत.

त्या वर्षी एका दिवाळी अंकात मी कळलावीवर लेख लिहिला. चांगला उतरलाय, असं मलाच वाटत होतं. पुढे काही दिवसांनी घोटावड्याला भाड्याच्या खोलीत राहणारा एक कामगार लेखाचं कात्रण घेऊन आक्कांचं घर शोधत आला. बायको घरीच बाळंत झाली होती, मूल ठीक होतं, पण तिच्या कळा थांबत नव्हत्या. लेख वाचून लावलेला कंदाचा लेप अजून तळपायांवर तसाच होता. तो आला त्याच रिक्षात बसून आक्का गेल्या, तिचे पाय धुतले आणि तिला दवाखान्यात पोचवलं. बाई वाचली.

दुसऱ्या दिवशी आक्का वाचनालयात आल्या, पहिल्यांदा आणि शेवटचं. कात्रण माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “वाचा.” मी वाचलं. त्या डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होत्या.

“लई ग्वाड लिवलंय,” म्हणाल्या. “अन् धुयाचं कुटं हाय?”

बाळ बाहेर आलं की नाळेच्याही आधी तळपाय धुवायचे, हे त्यांनी मला दहादा सांगितलं होतं. वहीत होतं. लेखात जागा पुरली नाही... खरं तर त्या वाक्यानं परिच्छेदाची लय बिघडत होती, म्हणून मीच ते काढलं होतं. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्या पाणी पिऊन गेल्या. नंतरही मी वाडीवर जात राहिले, त्या चहा देत राहिल्या. वेलीचं नाव दोघींनीही काढलं नाही. तो अंक अजून कुणाकुणाच्या घरात असेल, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

मागच्या आठवड्यात वाडीवर गेले. आक्कांची नातसून सविता दोन महिन्यांचं बाळ घेऊन दारात बसली होती. घरामागं, चुलीपासून लांब, एक छोटी सहाण पालथी ठेवलेली होती. घरातली सहाण बाळगुटीची, ही फक्त कळलावीची. चुकून कुणी वापरू नये म्हणून आक्का ती कायम पालथी ठेवत.

“बाई, घरातली फुटली ओ,” सविता म्हणाली. “ही चांगली धुतली तर चालंल का बाळगुटीला?”

मी नाही म्हणाले.

“का पण? दगुडच तर हाय.”

धुतल्यावर विष दगडातून जातं की नाही, ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही, पण नाही, असंच म्हणाले. तिला दुसऱ्या दिवशी पौडच्या बाजारातून नवी सहाण नेऊन दिली आणि ही मांडीवर धरून घरी आणली. आता ती माझ्या गॅलरीत पालथी पडली आहे. अजून धुतलेली नाही. धुतलेलं पाणी कुठं ओतायचं, हे आक्कांनी सांगितलं होतं का... रोज वही काढून शोधते आहे.