मी विझवलेला राब

"ती आग विझव," रावसाहेब म्हणाले. हातातल्या छडीनं त्यांनी कुंपणापलीकडचं शेत दाखवलं. मी त्यांच्या बागेतल्या झाडांना पाणी घालत होते. कमरेवर घागर. वय अकरा असेल, बारा असेल. आमच्यात कोण मोजतं?

मी म्हटलं, ती आग नाही, आमचा राब आहे. भाजणारा माझा बापूस आहे.

"मग तर फारच बरं," ते म्हणाले. "तुझं ऐकेल तो."

आमचं गाव आगऱ्यांचं. ठाकुर्लीपासून थोडं आत, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला टेकाड. मधे भाताची शेतं. आगगाडी सुरू झाली आणि मुंबईच्या वकिलांना, व्यापाऱ्यांना, कचेरीतल्या बड्या लोकांना आमच्या हवेचा शोध लागला. टेकाड त्यांनी विकत घेतलं. कोणाकडून, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. बघता बघता अकरा बंगले उभे राहिले. लाल कौलं, रंगीत काचा, चौफेर तारेचं कुंपण. पुरुषमंडळी सकाळच्या गाडीनं मुंबईला जात, संध्याकाळी परतून छडी फिरवत हिंडत आणि म्हणत, काय हवा आहे! ती हवा जणू त्यांनीच मुंबईहून आणली होती.

रविवारी सगळे एका बंगल्यात जमत आणि ठराव करत. गावातल्या कोंबड्या टेकाडावर चढता कामा नयेत. जवळा उघड्यावर वाळत घालू नये, वास येतो. आम्हाला कोणी विचारायला बोलवत नसे. ठराव झाल्यावर त्यांचा पहारेकरी गावात येऊन सांगून जाई. आमच्या बाया त्यांची भांडी घासत, पुरुष त्यांची लाकडं फोडत. आमचे हात त्यांना चालत होते. बाकीचे आम्ही चालत नव्हतो.

राब म्हणजे काय, ते सांगते. ज्या तुकड्यात भाताचं रोप करायचं, ती जमीन आधी भाजावी लागते. शेण, झाडांच्या टहाळ्या, पालापाचोळा, वर गवत, त्यावर मातीचा हात. मग पेटवायचं. भडकू द्यायचं नाही. हळूहळू, दिवसभर धुमसलं पाहिजे, तेव्हा तणाचं बी मरतं आणि राखेत रोप जोमानं येतं. राब नाही तर रोप नाही. रोप नाही तर भात नाही. पूर्वी टहाळ्या त्या टेकाडावरूनच आणायचो. कुंपण झाल्यावर बापूस दोन कोस लांब जाऊन भारे आणू लागला. हिवाळाभर त्याचे खांदे सोललेले असत. शेण आय साठवायची, एक पो वाया जाऊ द्यायची नाही.

त्या दिवशी बापानं राब पहाटे पेटवला होता. पहाटे वारा खाडीकडे असतो. दुपारी तो फिरला आणि धूर टेकाडावर गेला. रावसाहेबांच्या आईला दम्याचा त्रास होता. ती खोकत होती, हे खोटं नाही. मी स्वतः ऐकलं. पण राब एका दिवसाचा. एक दिवस खिडक्या लावून घेतल्या असत्या तर?

मी घागर घेऊन निघाले. माझ्या मागे पहारेकरी. कुंपणाशी चार-पाच बंगलेवाले येऊन उभे राहिले होते, तमाशाला जमतात तसे. पहारेकरी बापाला म्हणाला, पोरीला पाणी टाकू दे, नाहीतर कल्याणच्या कचेरीत नेतो. बापानं त्याच्याकडे पाहिलं, मग कुंपणाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही.

"वत, बाय," तो म्हणाला. "वत."

मी ओतलं. एका घागरीनं काय होतं? रावसाहेबांच्याच विहिरीवरून पुन्हा पुन्हा भरून आणली. किती खेपा केल्या, आठवत नाही. राब चर्र करून विझत होता. बापूस बांधावर उकिडवा बसून होता. शेवटची घागर रिकामी झाली तेव्हा रावसाहेबांनी मला जवळ बोलावलं. शाब्बास म्हणाले. आणि खडीसाखरेचा खडा वरून, बोट लागू न देता, माझ्या तळव्यावर टाकला.

मी तो खाल्ला. बापासमोर खाल्ला. गोड लागला. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

पुन्हा भाजायला शेण नव्हतं, पाला नव्हता. अर्धवट भाजलेल्या जमिनीत तण माजलं, रोप वीतभर आलं, पिवळं पडलं. त्या वर्षी आम्ही नाचणीची आंबील प्यालो, कंद उकडून खाल्ले. आयनं मला बंगल्यावर जायचं थांबवलं नाही. तिथं दुपारचं उरलंसुरलं मिळत होतं.

दिवाळीनंतर रावसाहेबांकडे मुंबईचे पाहुणे जेवायला आले. मी मागच्या अंगणात उष्टी भांडी घासत होते. आतलं बोलणं ऐकू येत होतं. एक पाहुणा म्हणाला, भात काय सुरेख आहे हो. रावसाहेब म्हणाले, इथलाच, गावातला. मग हसत पुढे म्हणाले, "पण माणसं महाअडाणी. वर्षभर कचरा जमवतात आणि उन्हाळ्यात शेतात नेऊन जाळतात. गेल्या खेपेला मीच बंद पाडलं."

माझ्या हातात त्यांचंच ताट होतं. त्याला भाताची शितं चिकटली होती. या माणसाला माहीतच नव्हतं. त्यानं माझ्या बापाचं काय विझवलं, हे त्याला कळलंच नव्हतं, आणि कळून घ्यायची गरजही वाटली नव्हती. तोवर मला वाटायचं, मोठी माणसं आहेत, काहीतरी जाणून बोलत असतील. ते त्या ताटापाशी संपलं. राग आला. इतका की राखेनं भांडी घासता घासता बोटांची सालं निघाली.

पुढच्या चैत्रात पहारेकरी आधीच येऊन बजावून गेला. बापूस म्हणाला, औंदा राहू दे, कचेरीचं लचांड नको. राब रचून तयार होता, आणि तो घरात तोंड फिरवून बसला. मी चुलीतले निखारे खापरात घेतले. आयनं पाहिलं. तिनं आणखी दोन निखारे त्यात टाकले.

मी पहाटेची वाट पाहिली नाही. भर दुपार होती. वारा टेकाडाकडे होता, मला ते ठाऊक होतं. रावसाहेबांची म्हातारी आई आत असेल, हेही ठाऊक होतं. मी पेटवलं.

रावसाहेब धोतराचा सोगा सावरत कुंपणाशी आले.

"विझव ते. आत्ताच्या आत्ता."

"नाय विझवत."

"उद्यापासून कामाला येऊ नकोस."

"नाय येत. पन तुमी जेवता तो भात या राखंत रुजतो. कचरा नाय तो."

ते पहारेकऱ्याला हाका मारत परत गेले. थोड्या वेळानं टेकाडावरच्या खिडक्या एकेक करून लागल्या. म्हणजे लावता येत होत्या.

कचेरीचं बोलावणं आलं, बापाला दिवसभर उन्हात उभं केलं, त्यानं घरी येऊन मला मारलं. मी मार खाल्ला. बंगल्यावरचं उरलंसुरलं बंद झालं, आणि पुढे म्हातारी गेली तेव्हा टेकाडावरचे म्हणाले, त्या धुरानं गेली. मेलेली म्हातारी, उपाशी आय, सगळं माझ्या माथी मारा. मी पाणी ओतणार नाही. माझ्या हयातीत आमच्या शेतातला राब दुसऱ्या कोणाच्या हुकमानं विझणार नाही, आणि माझ्या हातानं तर नाहीच.