मागे कोणी नाही

आमच्या स्टेशनखालून बेसाकडे मेट्रो कंपनीचीच छोटी बस जाते. वर गाडी आली की ड्रायव्हर लगेच निघत नाही. जिन्यावरून शेवटी उतरणाऱ्याला तो विचारतो, "मागं कोणी येऊन राहिलं काय?" तो नाही म्हणाला की बस सुटते. पुढची पाऊण तासाने.

त्या सकाळी मेट्रोत माझ्या शेजारी कन्हानची एक बाई बसली होती. मांडीवर पिशवी, आवाज डबाभर ऐकू जाईल असा. "भावाच्या पोरीचं बारसं आहे, बेसाले. आत्या मीच मोठी. कानात नाव मलेच सांगा लागते." समोर शाळेतली, माझ्याच वर्गातली एक मुलगी होती. माझ्याकडे पाहून ती हसली. मी मोबाईल काढला.

उतरताना बाईने माझा दंड धरला. "गुडघा दुखून राहिला वं माहा. तू होय पुढं, बसवाल्याले थांबव."

मी हो म्हणाले.

खाली सगळ्यात शेवटी मीच पोचले. ती मुलगी पहिल्याच सीटवर होती. ड्रायव्हरने विचारलं, "मॅडम, मागं कोणी?" सगळे माझ्याकडे बघत होते. एवढ्या लोकांसमोर मला कधीच बोलता येत नाही, हे खरं आहे. पण तेव्हा कारण ते नव्हतं. ही तुझ्यासोबतची का, असं त्या मुलीने विचारू नये, एवढंच मला वाटत होतं. मी मान हलवली. नाही.

बस निघाली. "थांबवा" हा शब्द तोंडातच घोळवत मी पुढच्या थांब्यापर्यंत गेले, तिथे उतरले आणि चालत परत आले. वीस मिनिटं गेली.

ती फुटपाथच्या कठड्यावर बसून फोनवर बोलत होती. "ऑटो भेटून नाही राहिला. पाहुणे कावले असतीन, माही वाट नोका पाहू. धाकटीले सांगू द्या नाव." फोन ठेवून तिने पदराने तोंड पुसलं. मग मी दिसले.

"अवं, तुलेबी सोडून गेला काय? माह्यापायी राहिली असशीन तू."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणाले, "हो."

"मेल्याले डोये नाही काय," ती म्हणाली. "दोन बाया येऊन राहिल्या, दिसत नाही त्याले?" मग सरकून तिने मला जागा करून दिली. पुढची बस येईपर्यंत ती त्या ड्रायव्हरला शिव्या देत राहिली, आणि मी मान डोलावत ऐकत राहिले.