एस्तरमावशींकडचा मलिदा

देवासच्या आमच्या मराठी समाजात दत्तजयंतीची भजनं मी वर्षानुवर्षं बसवत आले. यंदा आम्ही पाचजणी रोज दुपारी तालमीला जमत होतो. दोन अभंगांना मी नव्या चाली लावल्या होत्या. कार्यक्रमात गायला तोंड उघडलं आणि स्पीकरमधून भलत्याच कुणाचा आवाज आला. आमचे माईक बंद होते. पेनड्राइव्हवरची भजनं लावून आम्हाला ओठ हलवायला बसवलं होतं. खाली उतरून सेक्रेटरींना विचारलं, तर ते हसत म्हणाले, "काकू, लाइवमध्ये रिस्क असते. आवाज फाटला तर पब्लिक उठून जाते. तुम्ही नुसत्या बसा ना, छान दिसतं."

मी चपला घातल्या आणि घरी आले. राग त्यांचा होता, टाळ्या पिटणाऱ्यांचा होता, पण सर्वांत जास्त दत्तमहाराजांचा होता. आपल्या दारातला हा खोटेपणा त्यांनी चालवून कसा घेतला? त्या दिवसापासून मी पेटी उघडली नाही, देवापुढे हातही जोडले नाहीत.

मन लागेना म्हणून धारला धाकट्या बहिणीकडे गेले. तिच्या शेजारी एस्तरमावशी राहतात. मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी. नर्सची नोकरी करून धारलाच राहिल्या. लेक मोठ्या आजारातून उठली, म्हणून त्यांनी मलिद्याचा नवस फेडायचं ठरवलं होतं. नातलग जमले, पण पेटी वाजवणारे पाहुणे तापाने फणफणून मुंबईलाच राहिले. पेटीला कोणी मिळेल का, हे मावशी बहिणीला विचारायला आल्या आणि दार नेमकं मी उघडलं.

मी वाजवणं सोडलंय, असं तोडून सांगितलं. का, ते विचारताच सगळं भडाभडा बोलून गेले, देवावरच्या रागासकट. मावशी शांतपणे म्हणाल्या, "आमच्या स्तोत्रांत देवाशी भांडणंच फार आहेत, बाई. तुम्हीही भांडा. पण गाऊन भांडा."

मी गेले. मलिद्याच्या ताटात गूळ-खोबरं घातलेले पोहे आणि फळं मांडली होती. पुरुषांनी हिब्रूत प्रार्थना म्हटल्या, एलियाहू नबींचं नाव घेतलं. मग मावशींनी कीर्तन धरलं. भावांनी विहिरीत टाकलेल्या योसेफाची कथा, चक्क मराठीत, आणि चाल आपल्या कीर्तनातल्या साकीची. माझी बोटं आपोआप पट्ट्यांवर गेली. योसेफ विहिरीतून हाका मारतो तिथे मावशींचा आवाज फाटला. कोणी उठलं नाही. कोणी हसलं नाही. मी सूर धरून राहिले, सगळे थांबले, आणि मग त्यांच्या लेकीने पुढची ओळ उचलली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यातही मी चिडलेलीच होते. परमुलखात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ही माणसं खऱ्या गळ्याने गातात, आणि आम्ही भरल्या मांडवात मुके बसतो!

परतीच्या बसमध्ये एक नवी चाल सुचली; मी शोधली नव्हती.

पुढच्या गुरुवारी आम्ही पाचजणी समाजाच्या दत्तमंदिरात माईकशिवाय गाभाऱ्यासमोर बसलो. सेक्रेटरी कुरकुरले. मी म्हटलं, "ज्यांना उठून जायचंय त्यांनी जावं." काही गेले. वरच्या पट्टीत माझा आवाज चिरकला, आणि मी गात राहिले.

राग गेला, असं खोटं लिहिणार नाही. पण आता तो मी गिळत नाही. महाराजांपुढे गाऊन मोकळी होते. त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. मावशी आल्या तेव्हा दारात मला महाराजांनीच उभं केलं, एवढं मात्र मी मनोमन मानते.