किल्ली खिशात, लक्ष कुलपात

‘अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?’ हा किल्लीवाल्याच्या बायकोचा तीस वर्षांचा प्रश्न होता. तिने काहीही सांगावं आणि याने ‘हं’ म्हणावं, आणि त्या ‘हं’चा अर्थ ‘ऐकलं’ असा कधीच नसावा. एकदा तर एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात तिची चप्पल घालून गडी दिवसभर दुकानात बसला, आणि संध्याकाळी तक्रार काय, तर डावा पाय सुजलाय!

मग एका हॉलमधलं अडकलेलं कपाट उघडायला तो गेला. तिथे वीसेक माणसं डोळे मिटून बसली होती आणि एक बाई हळू आवाजात सांगत होत्या, “हातात आहे तेवढंच. त्यापलीकडे जग नाही.” किल्लीवाल्याच्या हातात तेव्हा स्क्रूड्रायव्हर होता. त्याला ते इतकं पटलं की कपाट उघडल्यावरही तो तासभर तिथेच बसून राहिला. बायको जे जन्मभर ओरडून सांगत होती, ते या बाईंनी कुजबुजून सांगितलं आणि याच्या डोक्यात शिरलं. नवऱ्यांची जातच तशी.

झालं! दुसऱ्या दिवसापासून दात घासायला बावीस मिनिटं लागू लागली. घोट घोट अनुभवता अनुभवता चहा थंड व्हायचा आणि बायको गरम. दुकानात एका किल्लीला अर्धा दिवस जाऊ लागला. एक गिऱ्हाईक काकुळतीला येऊन म्हणालं, “अहो, सकाळपासून घराबाहेर उभा आहे मी!” त्यावर हा म्हणाला, “मग नीट उभे राहा. तळपाय जाणवतायत का?”

इकडे बायको मोटार शिकत होती. भावाने दिलेली जुनी गाडी खाली धूळ खात उभी होती, आणि लेकीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. “तुझ्या बाबांच्या भरवशावर राहिले तर बाळ शाळेत जायला लागेल. मी माझी गाडी घेऊन येते,” असं तिने लेकीला कबूल केलं होतं. परवान्याच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिसरी परीक्षा त्या दिवशी अकराला होती आणि शिकाऊ परवान्याची मुदतही त्याच दिवशी संपत होती.

त्या सकाळी किल्लीवाला नऊला निघाला. घराचं कुलूप त्याने स्वतः बनवलेलं होतं, आयुष्यातलं सगळ्यात अवघड. दार ओढलं की आपोआप लागायचं, आणि आतून उघडायलाही किल्लीच हवी. चोर खिडकीतून शिरला तरी दारातून जाता कामा नये, हा त्यामागचा विचार. त्याने किल्ल्यांचा जुडगा घेतला, त्याचा गारवा अनुभवला, दार ओढलं आणि ‘खट्’ हा आवाज अगदी शेवटपर्यंत ऐकला. इतक्या लक्षपूर्वक त्याने आजवर दार लावलं नव्हतं. फक्त बायको आत न्हाणीघरात होती आणि तिची किल्लीही त्याच जुडग्यात होती.

पावणेदहाला खालच्या मजल्यावरच्या मावशी धापा टाकत दुकानात आल्या. “अहो, फोन का बंद ठेवलाय? तुमची बायको आत कोंडली गेलीय, खिडकीतून हाका मारतेय! अकराला परीक्षा आहे तिची!”

किल्लीवाल्याने हत्यारांची पिशवी उचलली आणि चालू लागला. एक श्वास, एक पाऊल. सात मिनिटांच्या वाटेला पस्तीस मिनिटं लागली. मावशी पुढे धावत, मागे येत, पुन्हा पुढे धावत. त्यात त्यांचं चालणं दुप्पट झालं.

दारापाशी तो गुडघ्यावर बसला आणि कुलपात तार घातली. मावशींनी दार ठोठावलं, पण आतून ओ आली नाही.

“रागावली की ती बोलत नाही,” किल्लीवाला म्हणाला.

“अहो, पण किल्ली नाही का तुमच्याकडे?”

“मावशी, किल्ली असती तर मला कशाला बोलावलं असतं लोकांनी?”

तीस वर्षांत बोलावणं आलं की पिशवी घ्यायची आणि तार घालायची, एवढंच त्याच्या हातांना ठाऊक होतं. घाम गाळून, मध्येच स्वतःच्या कारागिरीला ‘वा!’ म्हणत त्याने कुलूप उघडलं, तेव्हा अकरा वाजले होते. मावशींनी कपाळावर हात मारला आणि त्या खाली निघून गेल्या.

घर रिकामं होतं.

त्याने खोल्या बघितल्या, पलंगाखाली बघितलं. मग घाम पुसायला रुमाल काढला, तर त्याबरोबर जुडगाच बाहेर आला. आता मात्र त्याला स्वतःची शरम वाटली. तो दाराशीच जमिनीवर बसून राहिला. या वेळी त्याला एकही श्वास जाणवला नाही.

बायको एकला आली.

“तू बाहेर कशी पडलीस?”

“आकड्याने. केसांच्या. चार मिनिटं लागली.”

“चार? माझं कुलूप? कोणी शिकवलं तुला?”

“कोण शिकवणार? तीस वर्षं दुपारी डबा घेऊन दुकानात येतेय. तुम्ही कुलपाकडे बघत असता. मी तुमच्या हातांकडे बघत बसते, दुसरं करणार काय?”

किल्लीवाल्याने मान वर केली. तिच्या केसांत तो आकडा होता, वाकडा झालेला. कपाळावर घाम होता. आणि ती अजून चप्पल न काढता दारातच उभी होती, काहीतरी विचारलं जाण्याची वाट बघत. ते काय, हे उमगायला त्याला जरा वेळच लागला.

“परीक्षेचं काय झालं गं?”

“पास झाले,” ती म्हणाली, आणि मग चप्पल काढली. “लेकीकडे उद्या पहाटे निघायचंय. तुम्ही आत्तापासूनच जिना उतरायला लागा.”